खोचलेला शर्ट बाहेर का येतो?

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पेहरावासंबंधी शासन निर्णय काढला, तेव्हा गाजली ती जीन्स आणि टी-शर्टवरची बंदी. पुरुष शिक्षकांनी शर्ट-पॅन्ट घालावी आणि शर्ट खोचलेला असावा, ही त्यातली अपेक्षा त्या मानाने दुर्लक्षितच राहिली. शर्ट खोचण्यात सांगण्यासारखे ते काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सकाळी प्रार्थनेच्या वेळी नीटनेटके दिसणारे गुरुजी चौथ्या तासाला कसे दिसतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला या प्रश्नातली मेख कळावी. फळ्याच्या वरच्या कडेला तारीख लिहिण्यासाठी खडू धरलेला हात वर जातो, त्याबरोबर शर्टही वर जातो. हात खाली येतो, शर्ट मात्र येत नाही. दोन तासांनी कमरेभोवती कापडाचा फुगा जमतो आणि पाठीमागून शर्टाचे एक टोक शेपटीसारखे बाहेर लोंबू लागते.

याचा ठपका आपण बहुधा माणसावर ठेवतो. 'गबाळा' हा शब्द त्यासाठी तयारच असतो. मुलाखतीला आलेला तरुण, बँकेच्या काउंटरमागचा कारकून, औषध कंपनीचा प्रतिनिधी या सगळ्यांना त्या एका शेपटीवरून जोखले जाते, आणि ते बिचारे दिवसातून दहा वेळा हात मागे नेऊन शर्ट आत ढकलत राहतात. वास्तविक यात माणसाच्या स्वभावाचा भाग थोडा आणि कापडाच्या मापाचा भाग फार. शर्ट बाहेर येतो त्याला कारणे असतात, ती समजण्याजोगी असतात आणि बहुतेक वेळा फार खर्च न करता दूर करता येतात.

उसनी रीत

मुळात वरचे वस्त्र खालच्या वस्त्रात खोचणे ही आपल्याकडची रीत नव्हे. अंगरखा, बाराबंदी, बंडी, पैरण, सदरा ही सारी वस्त्रे बाहेर सोडायची. 'खोचणे' हे क्रियापद आपल्याकडे जुने आहे, पण ते धोतर-लुगड्याचे. निऱ्या खोचायच्या, काष्टा मागे खोचायचा, कामाला लागताना पदर कमरेला खोचायचा. शर्ट खोचणे आले ते पॅन्टबरोबर, आणि पुष्कळ घरांत ते शाळेच्या गणवेशाच्या वाटेने शिरले. म्हणूनच की काय, आपण आजही 'शर्ट इन कर' असेच म्हणतो. वस्तू उसनी आणली तेव्हा तिचे क्रियापदही अर्धे उसनेच आले.

ज्यांची ही रीत, त्यांच्याकडेही शर्टाची गोष्ट मजेशीर आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपात शर्ट हे खरे पाहता आतले वस्त्र होते. वरून वेस्टकोट आणि कोट असल्याने शर्टाची फक्त कॉलर, छातीचा काही भाग आणि मनगटाशी कफ एवढेच दिसे. बाकीचा शर्ट गुडघ्याच्या दिशेने चांगला लांब असे, आणि वेगळी अंतर्वस्त्रे सर्रास वापरात येण्यापूर्वी त्याची पुढची-मागची लांब टोके पायांमधून घेऊन गुंडाळली जात. पाय हलायला मोकळीक हवी म्हणून बाजूला कापड वर कापलेले असे. आजच्या शर्टाच्या खालच्या कडेला जी गोलाई दिसते, पुढेमागे लांब आणि बाजूला आखूड, ती याच पूर्वजाची खूण होय. तो शर्ट डोक्यातून घालावा लागे. पुढून वरपासून खालपर्यंत बटणे असलेल्या शर्टाची नोंदणी लंडनच्या ब्राउन, डेव्हिस अँड कंपनीने १८७१ मध्ये केली, असे वस्त्रेतिहासात सांगितले जाते.

हा इतिहास सांगण्यामागे एक व्यावहारिक हेतू आहे. शर्ट खोचायचा की नाही, याचे पहिले उत्तर शर्टाच्या खालच्या कडेवरच लिहिलेले असते. कड सरळ असेल आणि बाजूला छोटे काप असतील, तर तो बुशशर्टाच्या कुळातला. तो बाहेर सोडण्यासाठीच शिवलेला असतो आणि खोचला तर तासाभरात बाहेर येणारच. कड गोलाईची असून मागचे टोक बसण्याची जागा पूर्ण झाकत असेल, तर तो खोचण्याचा. अलीकडे मात्र गोलाई असलेले, पण लांबीने आखूड असे शर्ट दुकानांत सर्रास दिसतात. तरुण मंडळी ते जीन्सवर बाहेर सोडून घालतात आणि ते छान दिसतातही. घोटाळा होतो तो तोच शर्ट सोमवारी कचेरीत खोचून नेला की. तेव्हा गोलाईपेक्षा लांबी महत्त्वाची, असे म्हणायला हवे.

दोन इंचांचा हिशेब

आता शर्ट बाहेर का येतो ते पाहू. हाडांच्या डॉक्टरांकडे 'शोबर चाचणी' नावाची एक साधी तपासणी असते. रुग्णाला ताठ उभे करून कमरेच्या खालच्या दोन खळ्यांच्या पातळीवर मणक्यावर एक खूण करतात, तिच्या १० सेंटीमीटर वर दुसरी, आणि मग त्याला पुढे वाकायला सांगतात. कंबर लवचीक असेल तर या दोन खुणांमधले अंतर वाढून १५ सेंटीमीटरच्या आसपास जाते. म्हणजे कमरेच्या एवढ्याशा भागातच पाठीची त्वचा सुमारे दोन इंच ताणली जाते. त्वचा ताणली जाते, कापड जात नाही. सुती पॉपलीनमध्ये ताण जवळजवळ नसतोच. मग ते दोन इंच कापड येणार कोठून? पॅन्टच्या आतून. बुटाची नाडी बांधायला वाकलात, स्कूटरवर पुढे झुकून बसलात, टेबलाखाली पडलेले पेन उचललेत की पाठीचा शर्ट तेवढा वर ओढला जातो. सरळ झाल्यावर त्याला खाली ओढणारे कोणी नसते. मग तो पट्ट्याच्या वर फुग्यासारखा साचतो. अशी पाच-सहा आवर्तने झाली की टोक बाहेर.

दुसरे कारण हाताचे. हात वर करताच शर्ट किती उचलला जातो, हे मुंढ्यावर अवलंबून असते. शिंपी ज्याला मुंढा म्हणतात, ती बाहीच्या जोडाची गोलाई. पुष्कळांची समजूत अशी, की मुंढा जितका खोल आणि सैल तितका हात मोकळा. प्रत्यक्षात उलटे आहे. मुंढा काखेच्या फार खाली गेला की बाही आणि शर्टाची बाजू यांच्यामध्ये वटवाघळाच्या पंखासारखे कापड तयार होते. हात वर गेला की हे कापड ताणले जाते आणि आपल्याबरोबर शर्टाची सगळी बाजू वर उचलते. मुंढा काखेच्या जवळ असेल, तर बाही खांद्याच्या सांध्याभोवती फिरते आणि शर्टाचे अंग जागेवर राहते. काखेत जराही काचू नये, पण दोन बोटांहून अधिक जागाही राहू नये, इतपत मुंढा असावा.

मुंबईच्या लोकल गाडीत ज्यांना रोज तासभर वरच्या कडीला लटकत उभे राहावे लागते, त्यांच्यासाठी तर हा मुंढ्याचा मुद्दा सर्वांत मोलाचा. चर्चगेटला उतरताना एकाच डब्यातल्या दोन माणसांपैकी एकाचा शर्ट जागच्या जागी आणि दुसऱ्याचा पार विस्कटलेला दिसतो. त्यात इस्त्रीवाल्याचा दोष नसतो. त्यातच मे महिना असेल आणि घामाने शर्ट पाठीला चिकटला असेल, तर कापड अंगावरून सरकत नाही, अंगाबरोबर ओढले जाते. आत सुती बनियन घालण्याचा वडीलधाऱ्यांचा आग्रह केवळ घाम टिपण्यापुरता नसतो. ओल्या त्वचेपेक्षा बनियनवरून शर्ट अधिक सुखाने सरकतो आणि परत खालीही बसतो.

मापाचे आकडे

तयार शर्ट घेताना ग्राहक कॉलरवरचा आकडा पाहतो. आपल्याकडील बऱ्याच कंपन्यांच्या शर्टांवर ३८, ३९, ४०, ४२, ४४ असे आकडे असतात. पुष्कळांना ते छातीचे इंच वाटतात. असे पाहा, ३९ आणि ४० यांच्यामध्ये एकाच आकड्याचा फरक कशाला असेल? तो आकडा सहसा गळ्याचा असतो आणि सेंटीमीटरमधला असतो. ४० म्हणजे सुमारे पावणेसोळा इंचांची कॉलर. छाती, पोट आणि लांबी यांचे माप कंपनी त्या गळ्यावरून स्वतःच्या अंदाजाने ठरवते, आणि हा अंदाज कंपनीगणिक बदलतो. एकाच ४० आकड्याचे दोन शर्ट घेऊन पाठीमागे कॉलरच्या बुडापासून खालच्या कडेपर्यंत मोजून पाहा. लांबीत फरक हमखास सापडेल. 'स्लिम फिट' म्हणून विकले जाणारे शर्ट तर बऱ्याचदा रुंदीबरोबर लांबीनेही कमी असतात.

तेव्हा लांबी स्वतःच मोजावी. सर्वसाधारण उंचीच्या, म्हणजे साडेपाच-पावणेसहा फुटांच्या पुरुषाला खोचायच्या शर्टाची मागची लांबी २९ ते ३१ इंच लागते. याहून सोपी कसोटी अशी: शर्ट बाहेर सोडून उभे राहावे. मागचे टोक बसण्याच्या भागाच्या खाली, मांडी सुरू होते तिथवर पोहोचत असेल तर लांबी पुरेशी. जेमतेम पॅन्टच्या मागच्या खिशाच्या मध्यावर संपत असेल, तर वर सांगितलेला दोन इंचांचा हिशेब तिथे बसत नाही. असा शर्ट कितीही निगुतीने खोचला तरी दुपारपर्यंत टिकणार नाही. तो चांगला नाही असे नव्हे, बाहेर सोडून घालावा.

सुती शर्ट घेताना आणखी एक खबरदारी हवी. धुतल्यावर सुती कापड आटते आणि ते मुख्यतः लांबीकडून आटते, कारण मागावर आणि पुढच्या प्रक्रियांत त्याचे उभे धागे ताणलेले असतात. पाण्यात पडताच ते आपल्या मूळ लांबीकडे परततात. अमेरिकेतील सॅनफर्ड क्लुएट यांनी यावर कापड आधीच आटवून घेण्याची यांत्रिक पद्धत शोधली आणि १९३० मध्ये तिचे पेटंट मिळाले. 'सॅन्फोराइज्ड' हा आपल्या आजोबांच्या पिढीला कापडाच्या काठावर दिसणारा शब्द त्यांच्याच नावावरून आला. आजही थोडेफार आटणे गृहीत धरावे लागते. ३० इंचांच्या शर्टात तीन टक्के आटणे म्हणजे जवळजवळ एक इंच गेला. शिंप्याकडे सुती कापड देण्यापूर्वी ते घरी भिजवून वाळवण्याची जुनी पद्धत म्हणूनच शहाणपणाची होती. आता हा उपद्व्याप कोणी करत नाही आणि मग दोषाचे माप शिंप्याच्या पदरात पडते.

शिंप्याकडून शर्ट शिवून घेणारे आता कमी उरले असले, तरी मापाने ज्यांची सोय लागत नाही अशांना (खांदे रुंद आणि कंबर बारीक, किंवा पोट पुढे आणि उंची कमी) तोच खरा आधार. त्याला माप देताना 'इन करायचा आहे' हे आवर्जून सांगावे, म्हणजे तो लांबी वाढवून धरील. पोट पुढे असलेल्यांनी पुढची लांबी वेगळी मोजायला लावावी. पोटाच्या गोलाईवरून जाणारे कापड सरळ रेषेतल्यापेक्षा अधिक लागते, त्यामुळे त्यांचा शर्ट मागून नव्हे तर पुढूनच, नेमका बक्कलच्या वर निघत असतो. तयार शर्ट अंगात फार ढगळ असेल, तर पाठीला दोन उभे डार्ट घालून तो कमरेत बसवता येतो. बाजूच्या शिवणी आत घेणेही शक्य असते. आल्टरेशनचे छोटे दुकान आता प्रत्येक उपनगरात असते, आणि नवा शर्ट घेण्यापेक्षा हा मार्ग पुष्कळच स्वस्त. मुंढ्याचे मात्र तसे नाही. एकदा खोल कापलेला मुंढा वर घेता येत नाही, कारण त्यासाठी लागणारे कापडच उरलेले नसते. त्यामुळे दुकानाच्या आरशासमोर दोन्ही हात वर करून पाहावेत. शर्ट एखादा इंच उचलला गेला तर चालेल. बेंबी दिसू लागली तर तो शर्ट तिथेच ठेवून यावे.

खरा गुन्हेगार पॅन्ट

इतका वेळ शर्टाविषयी बोललो, पण माझ्या मते निम्म्याहून अधिक वेळा खरा गुन्हेगार पॅन्ट असते. जुन्या छायाचित्रांतले कृष्णधवल चित्रपटांचे नायक पाहा. त्यांची पॅन्ट बेंबीच्या जवळ, म्हणजे जिथे शरीर सर्वांत अरुंद असते तिथे बसलेली दिसते. तिथून शर्टाच्या मागच्या टोकापर्यंत आठ-नऊ इंच कापड पॅन्टच्या आत राही. पुढे पॅन्टची कंबर खाली सरकत गेली. या शतकाच्या पहिल्या दशकात तर 'लो वेस्ट' पॅन्टची अशी लाट आली, की पट्टा थेट कमरेच्या हाडाच्या खाली गेला. तेव्हा आत राहणारे कापड उरले चार-पाच इंच, आणि ज्या जागी पॅन्ट बसली ती जागा शरीर वाकताना सर्वांत जास्त हलणारी. बसले की मागून पॅन्ट खाली आणि शर्ट वर अशी दुहेरी ओढ सुरू होते. अलीकडे कंबर पुन्हा थोडी वर येऊ लागली आहे, ही खोचणाऱ्यांच्या दृष्टीने इष्ट गोष्ट म्हटली पाहिजे.

पॅन्ट कमरेत अचूक बसली पाहिजे, पट्ट्याच्या जोरावर नव्हे. पट्टा न लावता पॅन्ट जागेवर राहत असेल आणि कमरपट्टीत एकच बोट सहज जात असेल, तर माप योग्य. दोन इंच सैल पॅन्ट पट्ट्याने आवळली की कमरपट्टीला चुण्या पडतात, आणि त्या चुण्यांच्या पोकळीतून शर्ट सुटत जातो. चांगल्या पॅन्टच्या कमरपट्टीला आतून रबराच्या बारीक रेघा असलेली पट्टी लावलेली असते. ती शर्टाला धरून ठेवते. शिंप्याला सांगितल्यास तो अशी पट्टी जुन्या पॅन्टलाही लावून देतो. पोट सुटलेल्यांची अडचण निराळी. त्यांची पॅन्ट पोटाच्या खाली घसरते आणि पट्टा कितीही आवळला तरी ती घसरतच राहते. त्यांच्यासाठी उत्तम उपाय म्हणजे लहानपणी आपल्या चड्डीला असत ते गॅलिस. खांद्यावरून टांगलेली पॅन्ट घसरत नाही, म्हणून शर्टही ओढला जात नाही. कचेरीत गॅलिस लावून जाणे आपल्याकडे नाटकी वाटते, हे खरे. थंडीच्या दिवसांत स्वेटर किंवा जाकिटाच्या आत ते कोणाला दिसत नाहीत.

खोचण्याची रीत

आता प्रत्यक्ष कृती. पुष्कळ जण आधी पॅन्ट चढवून पट्टाही लावतात आणि मग शर्टाची टोके वरून बोटांनी आत कोंबत जातात. असा कोंबलेला शर्ट आत गोळा होऊन बसतो. नितंबावर उंचवटे दिसतात ते वेगळेच. योग्य क्रम असा: बनियन आतल्या चड्डीत खोचावे. शर्ट घालून खालच्या शेवटच्या बटणापर्यंत सगळी बटणे लावावीत. शेवटचे बटण 'कुठे दिसते आहे' म्हणून सोडून दिले की पुढची दोन टोके आत एकमेकांपासून दूर पळतात. मग पॅन्ट मांड्यांपर्यंत चढवून पाय थोडे फाकवून उभे राहावे, म्हणजे ती खाली पडत नाही. दोन्ही तळहातांनी शर्टाचे कापड पुढून, मागून, बाजूने खाली सपाट ओढून घ्यावे आणि त्यावरून पॅन्ट वर घ्यावी. हूक लावावा, चेन ओढावी. शर्ट पॅन्टमध्ये घालण्याऐवजी पॅन्ट शर्टावरून चढवणे, एवढाच काय तो फरक. पण त्याने निम्मे काम होते. शर्ट आतल्या चड्डीत खोचण्याचा सल्ला काही जण देतात. तो न घेतलेला बरा, कारण वाकल्यावर शर्ट वर जाताना चड्डीचे इलॅस्टिकही सोबत घेऊन जातो आणि ते दृश्य शेपटीपेक्षा काही बरे नसते.

शर्ट अंगात थोडा ढगळ असेल, तर सैन्यात आणि पोलिसांत वापरली जाणारी घडी उपयोगी पडते. हूक लावण्यापूर्वी शर्टाच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी चिमटीत धरायच्या. जादा कापड शरीरापासून बाहेर ओढायचे, म्हणजे पुढचा भाग छातीपोटावर सपाट बसतो. मग ते जादा कापड मागच्या बाजूला दुमडून शरीराला चपटे लावायचे, अंगठ्याने दाबून धरायचे आणि त्यावर पॅन्ट चढवून बंद करायची. दोन्ही बाजूंना मागे वळलेली एकेक उभी घडी दिसते आणि पुढे एकही चुणी उरत नाही. पहिल्या दोन-तीन वेळा दोन हात अपुरे वाटतात, मग सवय होते. ही घडी पॉपलीनसारख्या पातळ कापडात छान बसते. जाड ऑक्सफर्ड किंवा कॉर्डरॉयमध्ये ती कमरेशी भाकरीसारखी फुगते, तिथे डार्टच घ्यावेत. गुळगुळीत टेरिकॉटमध्ये घडी पडते खरी, पण टिकत नाही.

शर्ट खोचल्यावर दोन्ही हात एकदा डोक्यावर ताणून पुन्हा खाली आणावेत. त्यामुळे जे थोडे कापड बाहेर यायचे ते आताच येते आणि छातीवर-पाठीवर किंचित सैलपणा राहतो. शर्ट ताशासारखा ताणून खोचणे ही शाळकरी पद्धत झाली. असा शर्ट पहिल्या हालचालीलाच निघतो, कारण त्याच्याकडे खर्च करायला कापडच शिल्लक नसते. पट्ट्याच्या वर अर्धा इंच झोळ राहिला तर तो दोष मानू नये.

मग पट्टा. त्याचे काम पॅन्ट वर धरण्यापेक्षा रेष पूर्ण करण्याचे अधिक. शर्टाच्या बटणपट्टीची कड, बक्कलची कड आणि पॅन्टच्या चेनवरची शिवण या तिन्ही एका उभ्या रेषेत आल्या पाहिजेत. परेडच्या मैदानावर ही रेष डोळ्यांत तेल घालून तपासली जाते. नागरी जीवनात इतक्या काटेकोरपणाची गरज नाही, परंतु ती रेष दोन इंच वाकडी असली की बघणाऱ्याला नेमके काय खटकते हे न कळताही काहीतरी खटकते. पट्ट्याला सहसा पाच भोके असतात. मधल्या भोकात बक्कल यावे आणि टोक डावीकडच्या पहिल्या लूपच्या थोडे पुढे संपावे. कमरेला अर्धी प्रदक्षिणा घालून पाठीकडे निघालेला पट्टा हा दुसऱ्याचा मागून आणल्यासारखा दिसतो.

इस्त्रीचा एक मुद्दा इथेच सांगून टाकतो. इस्त्रीवाला कॉलर, बाह्या आणि छाती झकास करतो. खालचे टोक 'आत तर जाणार' म्हणून घाईत उरकतो. चुरगळलेले टोक आत गेले की त्याच्या चुण्या पॅन्टवर उमटतात. तेव्हा टोकाला इस्त्री हवीच, खळ मात्र नको. कडक टोक आत मुकाट बसत नाही, वाकल्यावर एखाद्या पुठ्ठ्यासारखे वर येते.

याउपर ज्यांना दिवसभर हात वर-खाली करावे लागतात, त्यांच्यासाठी बाजारात शर्टाचे टोक खाली ओढून धरणारे इलॅस्टिकचे पट्टे मिळतात. एक प्रकार शर्टाच्या टोकाला चिमट्याने लावून खाली मोज्याला जोडायचा, दुसरा मांडीभोवती बांधायचा. गणवेशातली मंडळी ते वापरतात आणि त्यांचा उपयोग होतो, यात शंका नाही. पण दुपारी पंगतीत मांडी घालून बसण्याचा प्रसंग असेल, तर त्या दिवशी ते घरी ठेवावेत.

कधी खोचू नये

खोचणे म्हणजे सभ्यता आणि न खोचणे म्हणजे बेशिस्त, हे समीकरण मात्र मला मान्य नाही. समुद्रकाठच्या दमट हवेत मोकळा सोडलेला बुशशर्ट हा अधिक समंजस पोशाख आहे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या किती तरी सुविद्य गृहस्थांनी सारी हयात त्यात आब राखून काढली. सरळ कडेचा शर्ट, कुडता, सदरा, खादीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट हे बाहेरच राहावेत. गोल गळ्याचा टी-शर्ट खोचायचा की नाही हे फॅशनगणिक बदलते, त्यात पडण्याचे कारण नाही. पुढचे एक टोक तेवढे खोचून बाकीचा शर्ट मोकळा सोडण्याची नवी तऱ्हा तरुणांना शोभते. चाळिशीनंतर ती विसरभोळेपणाची खूण वाटू लागते.

मुलाखतीला, न्यायालयात, शोकसभेला, परीक्षक म्हणून दुसऱ्या महाविद्यालयात जाताना मात्र खोचलेला शर्ट अजूनही अपेक्षित असतो, आणि ती अपेक्षा योग्य की अयोग्य हा वाद उमेदवाराने त्या दिवशी घालण्यात अर्थ नाही. लहान गावातून पहिल्या नोकरीसाठी शहरात येणारा मुलगा पुष्कळदा नवा शर्ट त्याच सकाळी पाकिटातून काढून अंगात घालतो. पुठ्ठ्याच्या घड्या छातीवर तशाच, लांबी कधी तपासलेली नाही. त्याच्याजवळ एकच शर्टाचे पैसे असतील, तर त्याने अगदी नव्याऐवजी दोनदा धुतलेला, आटून जी व्हायची ती लांबी झालेला आणि घरी वाकून, बसून, हात वर करून पाहिलेला शर्ट घालावा. मुलाखतीच्या खोलीत काय विचारतील ते सांगता येत नाही. खुर्चीवर बसताना आणि उठताना पाठीमागे काय होईल, ते आदल्या रात्री पाहून ठेवता येते.

दिवसाच्या मध्यात शर्ट सैल झालाच, तर चारचौघांत बोटांनी आत कोंबत बसू नये. त्याने एक बाजू आत जाते आणि दुसरी बाहेर येते. स्वच्छतागृहात जाऊन पट्टा आणि हूक सोडून सगळे पुन्हा पहिल्यापासून करायला एक मिनिट लागते. तेवढीही सवड नसेल, तर निदान दोन्ही हात पॅन्टच्या बाजूच्या खिशांत घालावेत, आतून खिशाच्या अस्तरासकट शर्टाचे कापड चिमटीत धरावे आणि हलकेच खाली ओढावे. समोरच्याला वाटते, हा नुसताच खिशात हात घालून उभा आहे. मागची बाजू बसल्या बसल्या ठीक करता येत नाही. त्यासाठी उठावेच लागते, आणि उठताना खुर्चीच्या पाठीला टेकून वर घसरत न येता आधी पुढे सरकून मग उठावे, म्हणजे निदान उरलेला शर्ट तरी आत राहतो.